एक संगणक, अनेक अभ्यासक : सामायिक कार्यपरिसराचा विचार

भाषाभ्यासाच्या विभागांत संगणकाचा प्रवेश आता नवा राहिलेला नाही. शब्दसूची करणे, संहितेतील रूपे मोजणे, ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर जुळवून पाहणे ही कामे पूर्वी कागदाच्या चिठ्ठ्यांवर होत, ती आता आज्ञावलींच्या साह्याने होतात. परंतु चिठ्ठ्यांचा खोका ज्याचा त्याचा असे. संगणकाचे तसे नसते. आमच्यासारख्या विभागात बऱ्यापैकी शक्तीचा संगणक एकच असतो, आणि त्यावर पीएच.डी.चे चार-पाच विद्यार्थी, दोन-तीन अध्यापक व परीक्षेच्या आधी एम.ए.चा सबंध वर्ग काम करतो. यंत्र एक आणि हात अनेक, अशा स्थितीत कोणती व्यवस्था असावी, याचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी सहसा केलेला नसतो. ‘ते काम संगणकवाल्यांचे’ असे म्हणून आपण तो प्रश्न बाजूस सारतो. तो बाजूस सारल्याने आमच्या येथे एका प्रबंधातील दोन प्रकरणे परस्परांशी विसंगत झाली. त्या घटनेची हकिगत पुढे दिली आहे. तत्पूर्वी संज्ञेचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे.

आज्ञावली लिहिणारा जी वाक्ये लिहितो, त्यांचा अर्थ त्या वाक्यांत पूर्णपणे सामावलेला नसतो. ‘या संहितेतील अक्षरे मोज’ एवढी आज्ञा त्याने दिली, तर अक्षर म्हणजे काय, ते कोठे संपते व पुढचे कोठे सुरू होते, हे ठरविणारी नियमावली त्याने लिहिलेली नसते. ती दुसऱ्या कोणी तरी लिहून ठेवलेल्या पॅकेजात असते. ते पॅकेज आणखी दोन पॅकेजांवर विसंबून असते. आणि ती सर्व ज्या भाषेत लिहिली आहेत त्या भाषेच्या, समजा पायथनच्या किंवा ‘आर’च्या, विशिष्ट आवृत्तीवर चालतात. याशिवाय वर्णक्रम कोणत्या भाषेचा मानावयाचा, फाइली कोठे शोधावयाच्या, अशा काही सूचना यंत्र मनात धरून असते. या सर्वांच्या समुच्चयास प्रस्तुत लेखात ‘कार्यपरिसर’ म्हटले आहे. उक्तीचा अर्थ जसा प्रसंगावर अवलंबून असतो, तसाच आज्ञावलीचा अर्थ कार्यपरिसरावर अवलंबून असतो, असे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगितले की त्यास अधिक स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

एका यंत्राचा अनेकांनी उपयोग करण्याचा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा देशातील निरनिराळ्या संस्थांतील संशोधक आपापल्या आज्ञावली छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने तेथे आणीत. गठ्ठे एकामागून एक यंत्रास दिले जात व उत्तर छापील कागदावर येई. अशा व्यवस्थेत दोन संशोधकांची यंत्रात गाठ पडण्याचा संभव थोडा. वेळ मात्र पुष्कळ जाई. कार्डावर एक छिद्र चुकले की पुन्हा रांग. यावर उपाय म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली कालविभाजनाची पद्धती प्रत्यक्ष दाखविली. यंत्राचा वेळ अगदी लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक टर्मिनलास आळीपाळीने द्यावयाचा. तुकडे इतके लहान की यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे प्रत्येकास वाटावे. सत्तरच्या दशकात टाटा संस्थेतही रा. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली डेक-१० या कालविभाजनाच्या संगणकावर काम होऊ लागले. याच नरसिंहन् यांनी पुढे भाषिक वर्तनाच्या प्रतिकृतींवर १९८१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसते म्हणून येथे नोंदविली.

कालविभाजनाने वेळेचा प्रश्न सोडविला, पण दुसरा एक प्रश्न निर्माण केला. कॉर्बाटो यांनी आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्याचे मोठे बोलके उदाहरण दिले आहे. त्यांच्या यंत्रावर प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास आरंभी त्या दिवसाची सूचना दिसत असे. एके दिवशी सूचनेच्या जागी सर्व वापरणाऱ्यांच्या पासवर्डांची यादी लोकांच्या टर्मिनलांवर उमटू लागली! चौकशीअंती कारण असे आढळले की, मजकूर दुरुस्त करण्याची आज्ञावली एका जागी एका वेळी एकच मनुष्य वापरील, असे गृहीत धरून लिहिलेली होती व ती आपल्या तात्पुरत्या फाइलीस नेहमी एकच नाव देत असे. व्यवस्थापकांपैकी एक जण सूचना दुरुस्त करीत असतानाच दुसरा त्याच जागी पासवर्डांची फाइल दुरुस्त करू लागला, आणि दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. यंत्राचे काही बिघडले नव्हते, कोणाचा हेतूही वाईट नव्हता. वेळेची वाटणी झाली होती. जागेची व नावांची झाली नव्हती.

हा भेद खानदेशातील वाचकास एका जवळच्या उदाहरणाने अधिक चांगला कळेल. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने बागायत होत आली आहे. नदीवर बंधारा, त्यापासून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. फडात प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो. पण एका हंगामात सबंध फडात पीक एकाच प्रकारचे घ्यावयाचे, हा निर्णय सर्वांनी मिळून करावयाचा असतो. पाणी देणारा पाटकरी असतो; तो पाळीपाळीने सर्व तुकड्यांस पाणी देतो, आणि फडात पीक एक असल्यामुळेच त्याचे काम सुकर होते. आता पाण्याची पाळी व फडाचे पीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळी कितीही चोख असली, तरी बाजरीच्या फडात कोणी आपल्यापुरता ऊस लावला, तर पाळीचे सगळे गणित कोलमडते. संगणकाचे कालविभाजन ही पाण्याची पाळी होय. ती आजकाल यंत्र स्वतःच सांभाळते, आपणांस तिची जाणीवही होत नाही. कार्यपरिसर हे फडाचे पीक होय, आणि ते ठरविण्यास यंत्राजवळ पाटकरी नाही. दृष्टान्त अर्थातच एका मर्यादेपर्यंतच चालतो. फडात एका तुकड्यावर दोन पिके एकाच वेळी उभी राहू शकत नाहीत. संगणकावर ती राहू शकतात, आणि सगळी सोय त्यातच आहे. तिचा विचार पुढे करू.

आता आमच्या येथील हकिगत. एक विद्यार्थी अहिराणी व प्रमाण मराठी यांतील नित्य वापराच्या शब्दांची अक्षरसंख्या तुलनेने तपासत होता. हा विषय वरवर क्षुल्लक वाटेल, पण तसा नाही. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीची गणना मराठीत न करता भिल्ली बोलींबरोबर केली. मराठी अभ्यासकांपैकी अनेकांनी ती मराठीची बोली मानली. आणि २०११ च्या जनगणनेत खानदेशी या स्वतंत्र नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद आहे. अशा वादग्रस्त ठिकाणी रूपांची लांबी, संयुक्त व्यंजनांचे प्रमाण, प्रत्ययांची घडण यांविषयी कोणी आकडे मांडले, तर ते पुढे प्रमाण म्हणून उद्धृत होतात. सदर विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रकरणात अहिराणीची सर्वनामरूपे व क्रियारूपे मराठीपेक्षा सरासरीने लांब आहेत, असा निष्कर्ष निघाला होता. चौथ्या प्रकरणासाठी काही महिन्यांनी त्याने तीच आज्ञावली, तीच संहिता घेऊन पुन्हा चालविली, तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. संहितेत एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता. आज्ञावलीतही नव्हता.

विद्यार्थ्याने आधी स्वतःस दोष दिला, मग मी त्यास दिला. दोन आठवडे आम्ही शब्दसूच्या हाताने ताडून पाहिल्या. शेवटी ‘मन्हा’ या एका शब्दापाशी उलगडा झाला.

मराठी ‘माझा’ यास अहिराणीत ‘मन्हा’ म्हणतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोहोंतही दोनच अक्षरे आहेत : मा-झा, म-न्हा. संगणकाच्या पोटात मात्र देवनागरी मजकूर अक्षरांच्या रूपाने साठविलेला नसतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीनुसार प्रत्येक व्यंजनास, मात्रेस व हलन्त चिन्हास वेगळा संकेत असतो. ‘माझा’ या शब्दात म, काना, झ, काना असे चार संकेत आहेत. ‘मन्हा’ या शब्दात म, न, हलन्त, ह, काना असे पाच. या संकेतांच्या माळेतून वाचकास जाणवणारे एकक कसे वेगळे काढावयाचे, याचे नियमही युनिकोडने घालून दिले आहेत. जुन्या नियमांनुसार मात्रा व हलन्त मागील व्यंजनास जोडले जात, परंतु हलन्तापुढील व्यंजनापाशी नवे एकक सुरू होई. म्हणून ‘मन्हा’ची फोड म, न्, हा अशी तीन एककांत होत असे. २०२३ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत नवा नियम आला. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांत हलन्ताने जोडलेली व्यंजने एकाच एककात धरावी, असे त्यात ठरले. तेव्हापासून ‘मन्हा’ची फोड म, न्हा अशी दोन एककांत होते. ‘व्हस’ हे क्रियारूप जुन्या गणनेत तीन एककांचे, नव्या गणनेत दोन एककांचे. मराठी ‘होतो’ दोहींतही दोनच एककांचे. ‘ज्ञानेश्वर’ या नावात संकेत दहा, जुनी एकके सहा, नवी एकके चार. अहिराणीच्या सर्वनामांत ‘न्ह’ वारंवार येतो. त्यामुळे जुन्या नियमाने तिच्या शब्दांची लांबी फुगत होती, आणि तो फुगवटाच दुसऱ्या प्रकरणात निष्कर्ष म्हणून मांडला गेला होता.

(‘न्ह’ हे संयुक्त व्यंजन मानावे की महाप्राण अनुनासिकाचा एक वर्ण मानावा, हा खरा भाषाशास्त्रीय प्रश्न आहे व तो कोणत्याही पॅकेजाने सुटणारा नाही. येथे प्रश्न केवळ लेखनातील एककांच्या मोजणीचा आहे.)

तेव्हा जुनी गणना चूक होती काय? तसेही म्हणता येणार नाही. ती एका घोषित नियमानुसार बरोबर होती. आक्षेप एवढाच की, दोन प्रकरणांच्या मध्ये नियम बदलला आणि तो बदलल्याचे मोजणाऱ्यास कळले नाही. नियम कोणी बदलला? त्याच यंत्रावर दुसरी एक विद्यार्थिनी ध्वनिमुद्रणांवर काम करीत होती. तिला एका पॅकेजाची नवी आवृत्ती हवी होती. ती तिने सर्वांच्या सामायिक जागेत घातली. कारण घालण्याची मुभा सर्वांस होती, व तशी मुभा मीच सोयीसाठी दिलेली होती. त्या पॅकेजाने आपल्या गरजेप्रमाणे अक्षरविभाजनाचे पॅकेजही अद्ययावत करून घेतले. तिचे काम झाले. शेजारच्याचे प्रकरण बदलले. फडात ऊस लागला होता आणि लावणारीस पत्ताही नव्हता.

अशा प्रसंगी दोन टोकांचे उपाय सुचतात, आणि आम्ही दोन्ही करून पाहिले. पहिला असा की, सामायिक काहीच ठेवू नये. प्रत्येकाने आपल्या घरफोल्डरात सर्व काही स्वतंत्र उभारावे. भाषाविषयक आजची पॅकेजे, विशेषतः ज्यांत आधीच शिकविलेल्या मोठ्या भाषिक प्रतिकृती असतात ती, प्रचंड जागा घेतात. पाच जणांनी एकच वस्तू पाच वेळा उतरवून घेतली की आमच्यासारख्या ठिकाणी तबकडीही भरते व इंटरनेटची वाटही अडते. शिवाय एम.ए.च्या विद्यार्थ्यास ही उभारणी स्वतः करता येत नाही, आणि तशी अपेक्षा करणे मला अन्यायाचेही वाटते. दुसरा उपाय, काही हलवूच नये. एकदा घातलेले तसेच ठेवावे. त्याने शांतता राहते, पण नवे काम थांबते.

योग्य मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे आणि त्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : वाचावयाचे ते सामायिक, लिहावयाचे ते खासगी. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळात किंवा कोणत्याही हस्तलिखित-संग्रहात आपण हाच शिष्टाचार पाळतो. पोथी सर्वांनी पाहावी. पाठभेद सुचला तर तो आपल्या वहीत टिपावा. मूळ पोथीच्या समासात पेन्सिल लावू नये. संगणकावर हा शिष्टाचार सज्जनपणावर सोडण्याची आवश्यकता नसते, यंत्राकडूनच तो पाळवून घेता येतो.

लिनक्स जातीच्या यंत्रणांत (त्यांचा वंश १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सपर्यंत जातो) प्रत्येक फाइलीस एक मालक व एक गट असतो. मालक, गटातील सभासद व इतर सर्व अशा तीन वर्गांस वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन अनुज्ञा वेगवेगळ्या देता येतात. येथपर्यंत बहुतेकांस ठाऊक असते. फसगत होते ती फोल्डरांच्या बाबतीत. फोल्डरास ‘वाचण्याची’ अनुज्ञा म्हणजे आतील नावे पाहण्याची, ‘चालविण्याची’ म्हणजे आत शिरण्याची, आणि ‘लिहिण्याची’ म्हणजे आत नवी फाइल निर्माण करण्याची, तिचे नाव बदलण्याची व ती काढून टाकण्याची. म्हणजे एखादी फाइल नष्ट करण्याचा अधिकार त्या फाइलीवरील अनुज्ञेने ठरत नाही. ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या अनुज्ञेने ठरतो. आपण आपल्या फाइलीस केवळ वाचनीय करून निश्चिंत बसलो, पण फोल्डर सर्वांस लिहिण्यास खुले असले, तर दुसरा कोणीही ती उचलून टाकू शकतो. यासाठी फोल्डरावर एक विशेष खूण ठेवता येते. ती असता ज्याची फाइल त्यालाच, किंवा फोल्डराच्या मालकास, ती काढता येते. दुसरी एक खूण अशी की, फोल्डरात निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल निर्मात्याच्या नेहमीच्या गटाऐवजी फोल्डराच्या गटाची होते. सहकार्याने चालणाऱ्या शब्दसंग्रहाच्या फोल्डरास ही खूण नसली, तर एकाने केलेली नोंद दुसऱ्यास दुरुस्त करता येत नाही, व प्रत्येक वेळी प्रशासकास बोलवावे लागते. त्याचबरोबर नव्या फाइलींच्या मूळ अनुज्ञांत गटास लिहिण्याची मुभा राखावी लागते. अनेक यंत्रांवर ती आरंभी नसते.

या पायावर कार्यपरिसराचे तीन थर रचावे. तळाचा थर यंत्रणेचा स्वतःचा. लिनक्सच्या पुष्कळ आज्ञावली पायथनमध्ये लिहिलेल्या असतात व त्या यंत्रणेच्या पायथनवर अवलंबून असतात. त्यात आपण ढवळाढवळ केली तर यंत्राचीच कामे बिघडू शकतात. २०२३ च्या डेबियन १२ पासून तर नेहमीच्या मार्गाने या थरात पॅकेज घालू लागल्यास यंत्र स्पष्ट नकार देते. विद्यार्थी या नकारास अडथळा समजून तो मोडण्याची युक्ती शोधतात. ती युक्ती सापडते, हे दुर्दैव!

मधला थर विभागाचा. येथे एक वेगळे फोल्डर करून त्यात, समजा, ‘२०२५ जून’ अशा नावाचा पूर्ण कार्यपरिसर एकदाच उभारावा : भाषेची ठरावीक आवृत्ती व सर्व पॅकेजांच्या ठरावीक आवृत्त्या. उभारून झाला की प्रशासकाव्यतिरिक्त सर्वांची लिहिण्याची अनुज्ञा काढून घ्यावी. नवे पॅकेज हवे झाल्यास जुन्यात भर घालू नये. ‘२०२६ जानेवारी’ असा नवा परिसर त्याच्या शेजारी उभारावा व जुना जसाच्या तसा राहू द्यावा. फडाचा दृष्टान्त येथे सुटतो, कारण येथे दोन्ही पिके शेजारी शेजारी उभी राहतात आणि ज्याचे प्रकरण अर्धे झाले आहे तो जुन्यातच काम करीत राहतो. जागा थोडी अधिक लागते, पण वर्षास दोन प्रती म्हणजे पाच जणांच्या पाच प्रती नव्हेत. एक व्यावहारिक सूचना : पायथनचे असे परिसर आपले ठिकाण पूर्ण पत्त्यासह आपल्या आतच लिहून ठेवतात. म्हणून ते अन्यत्र उभारून मग हलवू नयेत. जेथे राहावयाचे तेथेच उभारावेत. आम्ही हे तिसऱ्या प्रयत्नात शिकलो.

वरचा थर व्यक्तीचा. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून प्रत्येकास आपल्या फोल्डरात लहानसा आभासी परिसर निर्माण करण्याची सोय भाषेतच अंतर्भूत आहे. ज्यास विभागाच्या परिसरापेक्षा एखादेच पॅकेज अधिक हवे, त्याने ते येथे घालावे. इतरांस त्याची झळ लागत नाही. ‘आर’ वापरणाऱ्यांचीही व्यवस्था याच धर्तीची असते : यंत्राची एक सामायिक ग्रंथशाळा व प्रत्येकाची एक खासगी.

परंतु या थरात एक चोरवाट आहे आणि तिने आम्हांस पुन्हा एकदा चकविले. विद्यार्थ्याने आभासी परिसर न करता तसेच पॅकेज घालण्याचा प्रयत्न केला, तर काही यंत्रांवर ते त्याच्या घरफोल्डरातील एका अदृश्य उपफोल्डरात जाऊन बसते. पायथन पॅकेजांचा शोध घेताना हे अदृश्य फोल्डर सामायिक जागेच्या आधी पाहतो. परिणाम असा की, सर्वांचा परिसर एकच, आज्ञावली एकच, पण एकाचेच उत्तर निराळे! आभासी परिसर या फोल्डराकडे सहसा लक्ष देत नाही. कोंडा या नावाने प्रसिद्ध असलेल्या साधनाचे परिसर मात्र देतात. म्हणून सामायिक परिसर सुरू होतानाच ‘घरातील फोल्डर पाहू नये’ अशी सूचना यंत्रास देऊन ठेवावी. ‘माझ्याकडे वेगळे येते’ अशी तक्रार आली की प्रथम हे अदृश्य फोल्डर तपासावे, असा आता आमचा परिपाठ आहे.

पॅकेजे म्हणजेच परिसर, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. वर्णक्रमाचे उदाहरण घ्या. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये येतो; मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो व त्यापुढे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. शब्दकोशाची सूची कोणत्या क्रमाने लागेल, हे पुष्कळदा वापरणाऱ्याच्या सत्रातील भाषानिर्देशावर अवलंबून असते. एकाच्या सत्रात मराठी निर्देश आहे, दुसऱ्याच्या सत्रात कोणताच नाही. दोघांनी एकच सूची लावली तर ‘ळ’कार असलेले शब्द दोन ठिकाणी सापडतील. कळफलकाचेही तसेच. ‘वाऱ्यावर’ यातील अर्धा र कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताने लिहितो, तर कोणी साध्या ‘र’पुढे हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितो. कागदावर दोन्ही एकच दिसतात. गणनेत ते दोन निराळे शब्द होतात. अहिराणी संहिता अनेकांनी मिळून टंकित करावयाची असेल, तर कळफलक व लेखनसंकेत हेही सामायिक परिसरात धरून आरंभीच ठरवावे लागतात. नंतर दुरुस्त करणे जिकिरीचे आहे. आमची ती दुरुस्ती अजून चालू आहे.

यंत्राच्या स्मृतीविषयी थोडेसे. एकाने अवाढव्य संहिता एकदम स्मृतीत घेतली, तर लिनक्स शेवटी कोणते तरी एक काम स्वतःच बंद पाडते, आणि ते काम ज्याने घोटाळा केला त्याचेच असेल असा भरवसा नसतो. प्रत्येकाच्या वाट्यास मर्यादा घालण्याची सोय यंत्रणेत आहे, ती वापरावी. ज्यांस टर्मिनलाची भीती वाटते अशा वर्गासाठी ज्युपिटरहब नावाची व्यवस्था सोयीची आहे. विद्यार्थी ब्राउझरातून आपल्या नावाने प्रवेश करतो, त्याच्यासाठी त्याच्याच खात्याखाली स्वतंत्र सत्र सुरू होते, आणि हिच्या एका लहान स्वरूपात (ते एकाच यंत्रावर सुमारे शंभरपर्यंत वापरणाऱ्यांसाठी योजलेले आहे) परिसर सर्वांस एकच असून त्यात बदल प्रशासकच करू शकतो. म्हणजे वर सांगितलेले तत्त्वच तेथे आयते मिळते. सबंध परिसर एखाद्या पेटीसारखा बंद करून ठेवण्याच्याही पद्धती आहेत. आमच्या प्रमाणाच्या कामास त्यांची गरज मला अद्याप भासलेली नाही.

संशोधनाच्या दृष्टीने या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट राहिली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा जो संहितासंग्रह सिद्ध केला, त्यात १९७८ मधील छापील मजकुराचे ५०० नमुने, म्हणजे सुमारे दहा लाख शब्द आहेत. ब्राउन संग्रहाच्या धर्तीवर त्याची रचना केल्यामुळे तो आजही इतर संग्रहांशी ताडून पाहता येतो. तो ताडून पाहता येतो, कारण संहिता कोणत्या वर्षाची, नमुना किती शब्दांचा, वर्गवारी कोणती, हे लिहून ठेवलेले आहे. आपण संहितेचे हे तपशील देतो, पण मोजणीच्या साधनाचे देत नाही. प्रत्येक प्रबंधाच्या परिशिष्टात पॅकेजांची आवृत्तीक्रमांकांसह यादी, युनिकोडची आवृत्ती व सामायिक परिसराचे नाव यावे. ही यादी यंत्र एका आज्ञेत काढून देते आणि ती यादी दिल्यास तोच परिसर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभारताही येतो. बाहेरच्या परीक्षकाने शंका घेतली तर उत्तर देण्याचा तोच एक मार्ग आहे.

सदर विद्यार्थ्याचे दुसरे प्रकरण पुन्हा लिहावे लागले. ‘अहिराणीची रूपे लांब असतात’ हा निष्कर्ष त्यातून गेला. त्याऐवजी आता तेथे दोन स्तंभांची सारणी आहे : एका स्तंभात जुन्या नियमाची गणना, दुसऱ्यात नव्या नियमाची. ज्या रूपांत दोहोंचा फरक पडतो त्यांची वेगळी यादी खाली दिली आहे. ती यादी मुख्यतः ‘न्ह’, ‘म्ह’ व ‘व्ह’ असलेल्या रूपांची निघाली, आणि या तीन जोड्यांचा अहिराणीतील दर्जा काय, हे त्याचे पाचवे प्रकरण झाले आहे. ज्या विद्यार्थिनीच्या पॅकेजामुळे हा सारा प्रकार उघडकीस आला, तिच्या ध्वनिमुद्रणांतूनच त्या प्रकरणास लागणारी ध्वनींची मोजमापे घेतली जात आहेत; दोघे एकाच यंत्रावर, ‘२०२५ जून’ या परिसरात काम करतात.